विज्ञान प्रदर्शनात अभियंत्याचे काम



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते आयुष्यभर तांत्रिक विद्यालयात वर्कशॉप शिकवत होते. त्यांचा पहिला धडा कानशीचा असे. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा, कानस चालवायची आणि मग गुण्या लावून तो तुकडा खिडकीच्या उजेडासमोर धरायचा. गुण्याखालून उजेडाची रेघ दिसली की काम बाकी आहे, असे समजायचे. सर वेगळे काही बोलत नसत. काम बरोबर झाले की नाही, हे त्या उजेडानेच मुलाला सांगितलेले असे. अशा शिक्षकाच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात मुलांच्या हातांविषयी बोलावे, असे मला वाटले.

माझे म्हणणे थोडक्यात आधीच सांगतो. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत विज्ञान प्रदर्शने पुष्कळ भरतात. त्यांत मुले बोलतात छान, मांडतात छान. पण बनवतात कमी, मोजतात त्याहून कमी, आणि काही मोडले तर घाबरतात. ही उणीव एकट्या शिक्षकांनी भरून निघणार नाही. या शहरांत राहणारे अभियंते, तंत्रज्ञ आणि फिटर-वेल्डर-वायरमन मंडळी प्रदर्शनाच्या टेबलापाशी येऊन बसली, तर निघेल.

आपण राहतो तो प्रदेशच मुळी अभियंत्यांनी घडवलेला आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० पाहुण्यांना घेऊन ठाण्याला आली, हे आपल्याला तोंडपाठ असते. त्याच्या पुढच्या वर्षाची आठवण मात्र कुणी काढत नाही. १ मे १८५४ रोजी रेल्वे कल्याणला पोचली. त्यासाठी ठाण्याची खाडी ओलांडावी लागली, भरती-ओहोटीच्या पाण्यात खांब उभे करावे लागले, मुंब्र्याच्या डोंगरातून वाट काढावी लागली. १९१६ साली पारसिकचा बोगदा झाला. सव्वा किलोमीटरहून अधिक लांबीच्या त्या बोगद्यातून २०२२ पर्यंत आपली जलद लोकल रोज जात असे. आत शिरताच मोबाइलची रेंज जायची, एवढीच आपल्या मुलांना त्याची ओळख होती.

पुढे कारखाने आले. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक, आणि डोंबिवलीही मागोमाग आली. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी होतीच. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरच्या कारखान्यात मोटारी तयार होत. मोहोन्याला एनआरसीचा कारखाना, शहाडला सेंच्युरी रेयॉन, कल्याणला विजेच्या इंजिनांचा लोको शेड. त्या काळात इथल्या चाळीतल्या मुलाला यंत्र ही दूरची वस्तू नव्हती. शेजारचे काका टर्नर असत, वरच्या मजल्यावरचे मामा बॉयलर अटेंडंट. सुट्टीच्या दिवशी सायकलची फ्रीव्हील उघडून अंगणात वर्तमानपत्रावर छर्रे मांडले जात आणि आजूबाजूची पोरे उकिडवी बसून बघत.

आता ठाण्याच्या कॅसल मिल नाक्याला नाव उरले आहे, मिल नाही. एनआरसी २००९ साली बंद पडली. प्रीमियरच्या जागेवर निवासी संकुले उभी राहत आहेत. अभियंते कमी झालेले नाहीत, उलट वाढले आहेत. डोंबिवलीच्या कुठल्याही सोसायटीत दर मजल्यावर एखादा तरी निघेल. पण त्यांचे काम मुलांच्या नजरेला पडत नाही. सकाळी आई-बाबा गळ्यात ओळखपत्र अडकवून लोकल पकडतात आणि रात्री थकून परततात. मधल्या वेळात ते काय घडवतात, कुठला हिशेब चुकला म्हणून बेचैन होतात, हे घरात कुणालाच माहीत नसते. अभियांत्रिकी ही प्रवेश परीक्षा आहे, एवढेच मुलाला कळते. ते एक काम आहे, हे कळतच नाही.

आपल्याकडे लोकांपर्यंत विज्ञान नेण्याची परंपरा मात्र मोठी आहे. १८६७ साली जन्मलेले शंकर आबाजी भिसे हे मुंबईत सरकारी लेखा कार्यालयात नोकरी करत होते. त्या नोकरीत असतानाच त्यांनी विज्ञान मंडळ काढले, मराठीत ‘विविध कलाप्रकाश’ हे नियतकालिक चालवले, आणि पुढे मुद्रणाच्या यंत्रात शोध लावून परदेशात नाव मिळवले. कारकुनी करणारा मराठी तरुण संध्याकाळी लोकांना यंत्रे समजावून सांगतो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातली आहे. २४ एप्रिल १९६६ रोजी मराठी विज्ञान परिषद सुरू झाली. तिच्या स्थापनेसाठी धडपडणारे म. ना. गोगटे हे स्थापत्य अभियंता होते. १९८१ पासून बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा चालू आहे. सहावी आणि नववीची मुले त्यात लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक देतात, प्रकल्प करतात. १९९३ साली राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्याच परिसरातला प्रश्न निवडायचा, तिथे जाऊन पाहणी करायची आणि आपल्या भाषेत मांडायची, ही तिची पद्धत. महाराष्ट्रात ती रुजवण्यासाठी ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने आणि सुरेंद्र दिघे यांनी वर्षानुवर्षे कष्ट घेतले आहेत.

म्हणजे जमीन नांगरलेली आहे. पण या परंपरेत निरीक्षणाला आणि ज्ञानाला जितका मान मिळाला, तितका घडवण्याला मिळाला नाही. नाल्याचे पाणी किती दूषित आहे, हे आपली मुले उत्तम सांगतात. तो नाला तुंबू नये म्हणून जाळी कशी बसवावी, तिच्या गजांत अंतर किती ठेवावे, ती साफ करायला माणूस कुठे उभा राहील, हा पुढचा विचार त्यांना कुणी करायला लावत नाही. अभियांत्रिकी तिथूनच सुरू होते.

आजचे प्रदर्शन कसे असते, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. थर्माकोलचे स्मार्ट शहर, भिंत समोर आली की थांबणारी छोटी गाडी, सिरिंजांनी हलणारा जेसीबी. शेजारी चकचकीत तक्ता आणि पाठ केलेली माहिती. परीक्षक येतात, दोन मिनिटे ऐकतात, पुढे जातात. मुलांच्या मेहनतीला मी कमी लेखत नाही. तो सिरिंजांचा जेसीबी तर फार चांगला आहे. पण त्याच्याविषयी विचारण्यासारखा प्रश्न कुणी विचारत नाही. बारीक सिरिंज दाबली की जाड सिरिंज सरकते. जाड सिरिंजच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ चौपट असेल, तर जोर किती पट मिळेल? आणि दट्ट्या बारीक सिरिंजच्या मानाने किती सरकेल? जोर चौपट मिळतो आणि सरकणे पावपट होते. फुकट काही मिळत नाही. मुलाने हे पट्टीने मोजून स्वतः काढले, तर रस्त्यावरचा खराखुरा जेसीबी त्याला उभ्या जन्मात परका वाटणार नाही. न मोजता तक्त्यावर पास्कलचा नियम सुवाच्य अक्षरात लिहिला, तर परीक्षा संपल्यावर तो विसरला जाईल.

तर मग टेबलावर काय असावे? एक उदाहरण जरा तपशिलात सांगतो, कारण ते कुठल्याही शाळेच्या वर्गात जमण्यासारखे आहे.

दोन बाकांमध्ये एक मीटर अंतर ठेवा. प्रत्येक गटाला मोजून तेवढीच जुनी वर्तमानपत्रे, चिकटपट्टीचे एक रीळ, दोरा, कात्री आणि मोजपट्टी द्या. काम एवढेच: या दोन बाकांमध्ये पूल बांधा आणि मधोमध पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या बाटल्या टांगा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजनकाटा लागत नाही. एकच अट महत्त्वाची: बाटली टांगण्याआधी पूल किती बाटल्या पेलेल, हा अंदाज वहीत लिहायचा.

बहुतेक गट आधी कागदांची एक जाड गुंडाळी करून आडवी टाकतात. पहिल्या बाटलीला ती वाकते, पुढच्या बाटलीला मधोमध मुडपते. मुले हिरमुसतात, शेजारच्या गटाकडे बघतात. इथे टेबलाशी अभियंता बसलेला असेल तर तो उत्तर सांगत नाही. तो विचारतो, ‘कुठे मोडला? वरून चुरगळला की खालून फाटला?’ मुले वाकून बघतात. वरच्या बाजूला सुरकुत्या, खालच्या बाजूला ताणलेला कागद. दाब वर, ताण खाली. पुस्तकातली आकृती त्यांनी आता बोटाने चाचपलेली असते. मग कुणीतरी नळ्यांची चौकट करते. चौकट तिरकी होऊन बसते. एखादी मुलगी तिच्यात तिरपी नळी घालते आणि ती हलायची थांबते. चौकोन चेपतो, त्रिकोण चेपत नाही, हे ज्ञान त्या मुलीचे स्वतःचे असते. शेवटी नळ्या शाबूत राहतात आणि जोड सुटतात. चिकटपट्टी सरकते. पुलाचा जीव त्याच्या जोडात असतो, हे अनुभवी माणसालाही पुनःपुन्हा शिकावे लागणारे सत्य सातवीच्या मुलांना एका दुपारी कळते. मग वही उघडायची आणि आधीचा अंदाज पाहायचा. तो का चुकला, हे तिथेच एका वाक्यात लिहायचे.

त्यानंतर या मुलांना कल्याणच्या पत्रीपुलावर घेऊन जा. जुना पूल धोकादायक ठरला, नोव्हेंबर २०१८ मध्ये तो पाडला. नव्या पुलाचा सुमारे ७६ मीटर लांबीचा पोलादी गर्डर नोव्हेंबर २०२० मध्ये मेगाब्लॉक घेऊन रुळांवरून पुढे सरकवला, आणि जानेवारी २०२१ मध्ये पूल खुला झाला. मधल्या काळात वाहतूककोंडीबद्दल आपण सगळे भरपूर बोललो, आणि तो त्रास खराच होता. पण एवढा अवजड सांगाडा देशातल्या सर्वांत गजबजलेल्या रेल्वेमार्गांपैकी एकावरून कसा ढकलतात, तो पुढे झुकून कोसळत का नाही, ब्लॉकचे तास संपण्याआधी काम आटोपण्याची आखणी कशी होते, हे त्या दिवसांत किती शाळांनी मुलांना सांगितले? ज्यांनी कागदाचा पूल बांधला आहे, त्यांना पत्रीपुलाच्या बाजूचे त्रिकोण आणि जोडांवरच्या जाड पोलादी पट्ट्या लगेच ओळखू येतात.

असे घडवत शिकवणे नवीन नाही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात चित्रा नटराजन, सुग्रा चुनावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरी मराठी, शहरी इंग्रजी आणि आदिवासी भागातल्या शाळांतल्या मुलांना हाताने घडवण्याची कामे दिली. एक पिशवी, वजन उचलणारी पवनचक्की, कठपुतळ्यांचा खेळ. आधी चर्चा, मग कागदावर रेखाटन, मग बनवणे आणि शेवटी एकमेकांच्या कामाचे मूल्यमापन. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून ते गावात आले, आणि शाळेतली मुले गावाला लागणारी कामे करत करत शिकतील, असा अभ्यासक्रम त्यांनी उभा केला. तिथल्या मुलाने केलेल्या वेल्डिंगची परीक्षा गावकरीच घेतो. फाटक टिकले तर पास. आपल्या शहरी प्रदर्शनांना हाच धडा हवा आहे. वस्तू कुणासाठी आहे, आणि ती वापरणाऱ्याने काय सांगितले, हे तक्त्यावर सर्वांत वर लिहिलेले असावे.

श्रोतेहो, डोंबिवलीचा उल्लेख केला की एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत भीषण स्फोट झाले. माणसे गेली, कित्येक जखमी झाले, दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. त्या काचांच्या आत आपली मुले होती. त्यांनी विचारले, ‘हे का झाले?’ आपण काय उत्तर दिले? भीती घालणे सोपे असते, आणि विषय बदलणे त्याहून सोपे. अभियांत्रिकीची ओळख करून द्यायची असेल, तर सुरक्षिततेपासूनच करून दिली पाहिजे.

त्यासाठी कारखान्यात जावे लागत नाही. जुन्या प्रेशर कुकरचे झाकण टेबलावर ठेवा. शिटी हे एक ठरावीक वजन आहे. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने वाढला की ते उचलले जाते आणि वाफ सुटते. त्या दाबाला पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते. आता मुलांना विचारा, शिटीच्या भोकात डाळीचे साल अडकले तर? मग झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह दाखवा. त्यात कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो. शिटी चुकली तर तो वितळतो आणि वाफेला वाट देतो. एक रक्षक चुकेल हे गृहीत धरून दुसरा नेमून ठेवणे, याला अभियंत्याचा विवेक म्हणतात. खराब झालेला व्हॉल्व्ह बदलायचा सोडून तिथे भलतेच काही ठोकून बसवणे, हा गुन्हा आहे, हेही तिथेच सांगा. हे दहाव्या वर्षी मनावर ठसलेले मूल उद्या व्यवस्थापक झाले, निरीक्षक झाले किंवा कामगार झाले, तरी बंद पडलेल्या व्हॉल्व्हकडे काणाडोळा करणार नाही.

आणखी दोन गोष्टी आग्रहाने सांगायच्या आहेत. पहिली मुलींविषयी. कुठल्याही गटाकडे थोडा वेळ लक्ष देऊन पाहा. मुलगी वही लिहिते, तक्ता रंगवते आणि माहिती सांगते. पक्कड आणि सोल्डरिंग गन मुलाच्या हातात असते. हे कुणी ठरवून करत नाही, म्हणूनच ते ठरवून बदलावे लागते. दर पंधरा मिनिटांनी हत्यार आणि वही यांची अदलाबदल, असा नियम करा. टेबलाशी बसणाऱ्यांत स्त्री अभियंता, स्त्री तंत्रज्ञ असू द्या.

दुसरी गोष्ट महापालिकेच्या आणि मराठी शाळांविषयी. महागड्या शाळेत रोबोटिक्सचा तास असतो, संच विकत आणलेले असतात. अटल टिंकरिंग लॅब काही शाळांना मिळाली. इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या मुलाला १०,००० रुपये मिळतात. या योजना चांगल्याच आहेत. पण ज्या मुलाची कल्पना कागदावर उतरलीच नाही, त्याच्यापर्यंत त्या पोचत नाहीत. त्याला कल्पना बोलून दाखवायला त्याच्या भाषेत ऐकणारा जाणता माणूस लागतो. घरी प्लंबिंग किंवा शिवणकाम बघणारी मुले हाताने कमी नसतात, बहुधा पुढेच असतात. त्यांना फक्त मोजायला आणि लिहायला शिकवायचे आहे.

आता कुणी म्हणेल, नोकरीतून वेळ कुठला? याचे उत्तरही आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. १९८५-८६ साली हॅलेचा धूमकेतू आला, त्या निमित्ताने मुंबईत खगोल मंडळ उभे राहिले. नोकरीधंदा सांभाळणारी ही माणसे पुढे वर्षानुवर्षे कल्याणच्या पलीकडे वांगणीला रात्रभर जागून लोकांना तारे दाखवत आली. आकाशासाठी रात्र जागवणारी माणसे इथे निघतात, तर पूल, पंप आणि वायरिंगसाठी रविवारची सकाळ देणारी का निघू नयेत? कल्याणच्या शेडमधला तंत्रज्ञ, पाणीपुरवठा विभागातला कनिष्ठ अभियंता, आयटीआयचा निदेशक, निवृत्त फिटर, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी तरुणी, तंत्रनिकेतनाच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, ही सगळी आपल्याच जिन्यावर भेटणारी माणसे आहेत.

म्हणून आयोजकांना माझी विनंती अशी. येत्या वर्षी प्रदर्शनाचा निम्मा भाग घडवण्यासाठी राखून ठेवा. तिथे घरून तयार करून आणलेली वस्तू चालणार नाही. सामान समान, वेळ समान, अंदाज आधी वहीत. बक्षीस देखण्या प्रतिकृतीला देऊ नका, वहीला द्या: ज्या वहीत काय मोडले, का मोडले आणि नंतर काय बदलले हे लिहिलेले आहे, तिला. परीक्षकाला प्रत्येक टेबलाशी निदान वीस मिनिटे बसवा. पालकांना हात मागे बांधून उभे राहायला सांगा.

आणि सभागृहातल्या अभियंत्यांना आणि तंत्रज्ञांना सांगणे असे की, या शहरांनी आपल्याला शाळा दिली, वाचनालये दिली, नोकरीला नेणारी गाडी दिली. आता आपल्या घराजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना जाऊन भेटा. भाषण करायला येतो असे म्हणू नका. टेबलाशी बसायला येतो असे म्हणा. जाताना जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि एक मोजपट्टी बरोबर न्या. बाकीचे मुले करतील.